काळ्या पडद्यावरच्या गप्पा आणि मदतीचा शोध

‘चॅटिंग’ म्हटले की आजच्या शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर मोबाइलचा पडदा येतो. थोड्या जुन्या पिढीला सायबर कॅफेतील याहू मेसेंजर आठवतो. याहूची ती सेवा जुलै २०१८ मध्ये कायमची बंद झाली. ऑर्कुट त्याआधीच, सप्टेंबर २०१४ मध्ये, इतिहासजमा झाले होते. या दोहोंहून वयाने मोठे असलेले गप्पांचे एक माध्यम मात्र अद्याप सुरू आहे. ‘इंटरनेट रिले चॅट’ अर्थात आयआरसी हे त्याचे नाव. त्यात चित्रे नाहीत, आवाज नाही, हसरे चेहरे नाहीत. त्यातील अनेक मुरलेली मंडळी तर आजही कमांड लाइनवर चालणारे सॉफ्टवेअर वापरतात. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरे आणि तळाशी लुकलुकणारा कर्सर, एवढाच त्याचा थाट.

अशा सॉफ्टवेअरसाठी मदत कोठे मिळते, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु त्यात एक गंमतीदार पेच आहे. मदत करू शकणारी माणसे त्याच सॉफ्टवेअरच्या आत बसलेली असतात. कुलूप कसे उघडावे हे ज्याला विचारायचे, तो बंद दारापलीकडे, अशी ही अवस्था. दार ओलांडण्यापुरते ज्ञान स्वतःचे स्वतः मिळवावे लागते. त्यापुढचे सारे आत गेल्यावर विचारता येते. हे ज्याला उमगत नाही, तो पहिल्या दहा मिनिटांतच कंटाळून खिडकी बंद करतो.

हे शिकण्याचा खटाटोप करावा तरी का, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. लिनक्स आणि त्याभोवतीच्या मुक्त स्रोत प्रकल्पांतील पुष्कळ कार्यकर्ते आजही आयआरसीवर भेटतात. अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्पात हातभार लावायचा असेल, किंवा कार्यालयातील सर्व्हर सांभाळणाऱ्याला मध्यरात्री अडचण आली असेल, तर ज्या माणसाने ते सॉफ्टवेअर लिहिले त्यालाच थेट विचारण्याची सोय येथे आहे. तीही विनामूल्य.

एक खुलासा आधीच केलेला बरा. या लेखात आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत, इंग्रजी स्पेलिंगनुसार टंकित कराव्या लागतात.

ओउलू ते लिबेरा

आयआरसीचा जन्म ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात झाला. यार्को ओइकारिनेन हा त्याचा कर्ता. विद्यापीठाच्या संगणकावरील गप्पांच्या जुन्या प्रोग्रामची जागा घेण्यासाठी त्याने हे लिहिले आणि पाहता पाहता ते जगभरच्या विद्यापीठांत पसरले. ऑगस्ट १९९१ मध्ये सोव्हिएत संघात सत्तापालटाचा प्रयत्न झाला तेव्हा तेथील बातम्या आयआरसीवरून बाहेर पोहोचत होत्या. मे १९९३ मध्ये त्याची लेखी नियमावली ‘आरएफसी १४५९’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. तिच्यात फिनलंडचा ठसा आजही दिसतो. महिरपी कंसांना चौकोनी कंसांची ‘लहान लिपी’ मानावे, असा विचित्र नियम तीत आहे. कारण स्कँडिनेव्हियन कळफलकांवर त्या जागी तेथील खास स्वरांची अक्षरे असत.

माध्यम आणि ते वापरण्याचे सॉफ्टवेअर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नवख्याच्या लवकर ध्यानात येत नाही. आयआरसी हा रस्ता. त्यावर कोणते वाहन चालवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. विंडोजवर एकेकाळी ‘एमआयआरसी’ हे खिडक्या-बटणांचे सॉफ्टवेअर लोकप्रिय होते. कमांड लाइनवर दोन नावे प्रमुख आहेत. ‘इर्सी’ (आय-आर-एस-एस-आय) हे फिनलंडच्याच टिमो सिरायनेन यांनी लिहिले आणि १९९९ मध्ये ते प्रथम उपलब्ध झाले. ई-मेल सर्व्हरवर चालणारे ‘डव्हकॉट’ही याच गृहस्थांचे. दुसरे ‘वीचॅट’, फ्रान्समधील सेबास्तियाँ एल्लू यांनी ते २००३ मध्ये सुरू केले. येथे उदाहरण म्हणून इर्सीचा विचार केला आहे. मात्र मदत शोधण्याची रीत वीचॅटलाही जवळपास तशीच लागू पडते.

दाराशी उभे असताना

इर्सी प्रथमच सुरू करणाऱ्यापुढे एक रिकामा पडदा उघडतो. वरच्या बाजूस नाव आणि आवृत्तीचा क्रमांक, खाली एक पट्टी आणि तिच्याखाली लिहिण्याची ओळ. आपण हे प्रथमच सुरू करीत आहात, तेव्हा आधी सुरुवातीची मार्गदर्शिका वाचा, अशी सूचनाही पडद्यावर असते. बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात. पुढील अनेक अडचणींचे मूळ येथेच असते, कारण ही मार्गदर्शिका खरोखर चांगली आहे. इर्सीच्या संकेतस्थळावर ती उपलब्ध आहे आणि तासाभरात वाचून होते.

इर्सीमध्ये तिरप्या रेघेने, म्हणजे ‘स्लॅश’ने, सुरू होणारी ओळ ही आज्ञा असते. बाकी सारे बोलणे. ‘/हेल्प’ एवढेच टंकित केले की उपलब्ध आज्ञांची यादी समोर येते. ‘/हेल्प जॉइन’ असे लिहिले की त्या एका आज्ञेची माहिती मिळते. ही माहिती वाचण्याचीही एक लिपी आहे. कोनी कंसात लिहिलेले शब्द देणे आवश्यक. चौकोनी कंसातील शब्द ऐच्छिक. कंस स्वतः टंकित करायचे नसतात. पुस्तकी वाटणारी ही बाब न कळल्याने कित्येकांनी कंसांसकट आज्ञा देऊन पाहिल्या आहेत आणि संगणकाने त्या नाकारल्यावर सॉफ्टवेअरलाच दोष दिला आहे.

‘/सेट’ ही आज्ञाही मदतीचाच एक मार्ग आहे, याची कल्पना थोड्यांनाच असते. तिच्यापुढे एखादा अर्धा शब्द लिहिला की त्या शब्दाशी संबंधित सर्व मांडण्या आणि त्यांच्या चालू किमती दिसतात. उदाहरणार्थ ‘/सेट ऑटोलॉग’ लिहिल्यास संभाषण आपोआप जतन होते की नाही ते समजते. बदल केल्यावर ‘/सेव्ह’ म्हणायला विसरू नये. नाही तर दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा पहिल्यासारखे.

सॉफ्टवेअरच्या बाहेर, टर्मिनलमध्ये, ‘मॅन’ (एम-ए-एन) ही युनिक्सची जुनी आज्ञा आहे. तिच्यापुढे प्रोग्रामचे नाव लिहिले की त्याची पुस्तिका उघडते. पुस्तिकेतून बाहेर पडण्यासाठी ‘क्यू’ ही कळ दाबायची. इर्सीची ही पुस्तिका त्रोटक आहे. सॉफ्टवेअर सुरू करताना कोणते पर्याय देता येतात, एवढ्यापुरतीच ती कामाची.

खरी घालमेल होते ती अगदी साध्या गोष्टींवरून. बाहेर कसे पडावे? कंट्रोल आणि सी या कळा दाबून इर्सी बंद होत नाही, कारण तेथे ती जोडी अक्षरांना रंग देण्यासाठी राखून ठेवलेली आहे. ‘/क्विट’ असे लिहावे लागते. वर सरकून गेलेला मजकूर पाहण्यासाठी माऊसचे चाक फिरवून उपयोग होईलच असे नाही. ‘पेज अप’ कळ वापरावी. नवे चॅनेल उघडले की ते नव्या खिडकीत उघडते आणि जुनी खिडकी नाहीशी झाल्यासारखी वाटते. ती गेलेली नसते. आल्ट कळ आणि खिडकीचा क्रमांक दाबला की परत येता येते. मॅक संगणकावर आल्ट कळ मूळ मांडणीत हे काम करीत नाही. तेथे एस्केप कळ दाबून सोडावी आणि मग क्रमांक दाबावा. तळच्या पट्टीत ‘अॅक्ट’ या शब्दापुढे जे आकडे दिसतात, ते नवे बोलणे आलेल्या खिडक्यांचे क्रमांक होत. एवढे समजले की निम्मी भीती जाते.

आत गेल्यावर

आयआरसीची अनेक जाळी आहेत आणि ती एकमेकांना जोडलेली नाहीत. एका जाळ्यावरील ‘लिनक्स’ चॅनेलचा दुसऱ्या जाळ्यावरील त्याच नावाच्या चॅनेलशी काहीही संबंध नसतो. मुक्त स्रोत प्रकल्पांपैकी पुष्कळसे सध्या ‘लिबेरा.चॅट’ या जाळ्यावर आहेत. डेबियन या लिनक्स प्रणालीची मंडळी मात्र ‘ओएफटीसी’ या दुसऱ्या जाळ्यावर भेटतात. जोडणी करताना सुरक्षित मार्ग निवडावा. त्यासाठीचा प्रचलित पोर्ट क्रमांक ६६९७ आहे. जुन्या लेखांतून सापडणारा ६६६७ हा क्रमांक उघड्या, कूटबद्ध न केलेल्या जोडणीचा.

जोडणी झाल्यावर ‘/जॉइन #इर्सी’ अशी आज्ञा दिली की इर्सीच्या जाणकारांच्या चॅनेलमध्ये प्रवेश मिळतो. वीचॅटचेही असे चॅनेल लिबेरावर आहे आणि खुद्द जाळ्याविषयीच्या अडचणींसाठी ‘#लिबेरा’ नावाचे चॅनेल आहे. कोणत्या विषयाचे चॅनेल कोठे, हे शोधण्यासाठी काही जण ‘/लिस्ट’ ही आज्ञा देतात. मोठ्या जाळ्यावर ती दिली की हजारो नावांचा लोंढा पडद्यावरून धावू लागतो. लिबेरावर यासाठी ‘आलिस’ नावाची शोधसेवा आहे; तिला खासगी संदेशाने विषयाचा शब्द कळवला की निवडक यादी मिळते.

चॅनेलमध्ये शिरल्यावर उजवीकडे शेकडो नावे आणि मध्ये सामसूम, असे दृश्य बहुधा दिसते. वीचॅटमध्ये नावांचा हा रकाना ठळकपणे दिसतो; इर्सीमध्ये नावे प्रवेशाच्या वेळी एकदाच दाखवली जातात. एवढी माणसे असून कोणीच बोलत कसे नाही, या विचाराने नवखा बावरतो. त्यातील बहुसंख्य जागेवर नसतात. त्यांचे संगणक दूर कोठेतरी चालू असतात आणि ते कामातून डोके वर काढतील तेव्हा वाचतात. अशा ठिकाणी ‘कोणी आहे का?’ किंवा ‘एक प्रश्न विचारू का?’ असे लिहून थांबणे निरर्थक. रेल्वेच्या चौकशी खिडकीवर कोणी ‘गाडीबद्दल विचारू का?’ म्हणून उभे राहत नाही. गाडीचे नाव सांगूनच विचारतो. येथेही प्रश्नच विचारावा, आणि तो पूर्ण विचारावा. कोणती प्रणाली, इर्सीची कोणती आवृत्ती, काय करायचे होते, नेमकी कोणती आज्ञा दिली, पडद्यावर शब्दशः काय उमटले. एरिक रेमंड यांनी प्रश्न कसे विचारावेत यावर २००१ मध्ये लिहिलेला निबंध या मंडळींत फार प्रसिद्ध आहे. त्याचा सूर काहीसा गुर्मीचा आहे हे खरे, पण सल्ला आजही टिकून आहे.

पडद्यावर उमटलेला लांबलचक मजकूर तसाच चॅनेलमध्ये चिकटवू नये. इतरांचे बोलणे त्याखाली गाडले जाते आणि चिकटवणाऱ्याला चॅनेलबाहेर काढले जाण्याचीही शक्यता असते. मजकूर चिकटवण्यासाठी वेगळी संकेतस्थळे आहेत. तेथे तो ठेवून फक्त दुवा द्यावा. इर्सीने या बाबतीत स्वतःच पहारा ठेवला आहे. अनेक ओळी एकदम चिकटवल्या की ते थांबून विचारते, आणि कंट्रोल-के दाबल्यासच मजकूर पुढे पाठवते. येथे कंट्रोल-सीने माघार घेता येते.

मग वाट पाहायची. हाच भाग सर्वांत कठीण. फोनवरील संदेशाला दोन मिनिटांत उत्तर अपेक्षिणाऱ्या पिढीला तो शिक्षेसारखा वाटतो. उत्तर पाच मिनिटांत येईल, कदाचित पाच तासांनी. भारतात सकाळचे दहा वाजतात तेव्हा युरोपात पहाट असते आणि अमेरिकेत रात्र. सायंकाळी सातच्या सुमारास युरोपात दुपार आणि न्यू यॉर्कला सकाळ असते. त्या वेळी उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. दरम्यान बाहेर पडले की सारे संपले, कारण आयआरसीचे सर्व्हर साधारणतः मागचे संभाषण राखून ठेवत नाहीत. यावर मुरलेल्यांचा तोडगा असा की इर्सी ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ या प्रोग्रामच्या आत, सदैव चालू असणाऱ्या संगणकावर सुरू करायचे. मग घरचा संगणक बंद केला तरी इर्सी तिकडे जागेच राहते. परत जोडल्यावर ‘/लास्टलॉग’ ही आज्ञा आणि स्वतःचे टोपणनाव लिहिले की आपला उल्लेख असलेल्या ओळी वेगळ्या दिसतात. कमांड लाइनच्या सॉफ्टवेअरवरील अनेकांच्या जुन्या लोभाचे कारण हेच आहे.

कधीकधी एकाच क्षणी दहा-वीस नावे चॅनेल सोडून गेल्याची सूचना येते. आपल्या प्रश्नामुळे माणसे उठून गेली, अशी समजूत करून घेऊ नये. दोन सर्व्हरमधील जोडणी तुटली की असे होते. त्याला ‘नेटस्प्लिट’ म्हणतात, आणि जोडणी पूर्ववत होताच ती सारी मंडळी पुन्हा अवतरतात.

प्रश्न विचारण्याची ही शिस्त शिकवून अंगी बाणवता येते, याचे चांगले उदाहरण भारतातच आहे. पश्चिम बंगालमधील दुर्गापूरच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने २००८ पासून उन्हाळी प्रशिक्षणाचे वर्ग आयआरसीवर घेतले. वर्ग पूर्णपणे लेखी. विद्यार्थ्याला शंका असेल तर त्याने केवळ एक उद्गारचिन्ह टंकित करायचे. तो त्याचा वर केलेला हात. शिक्षक नाव पुकारतील तेव्हाच प्रश्न लिहायचा. व्हिडिओ पाहण्याइतकी चांगली जोडणी नसलेल्या गावांतील मुलांनाही हे वर्ग करता येत, आणि संभाषणाची नोंद मागाहून वाचता येई.

एक मोकळी जागा आणि उघडा पडलेला पासवर्ड

टोपणनावाची नोंदणी हा पुढचा टप्पा. अनेक चॅनेलांत नोंदणी नसलेल्यांना बोलू दिले जात नाही. संदेश पाठवताच ‘चॅनेलला पाठवता येत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी नकार परत येतो. नोंदणी ‘निकसर्व्ह’ नावाच्या सेवेला खासगी संदेश पाठवून करायची असते आणि त्या संदेशात परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, लिहावा लागतो.

आयआरसीवरचा सर्वांत जुना अपघात येथेच घडतो. आज्ञा ओळखण्याची खूण म्हणजे ओळीच्या आरंभीची तिरपी रेघ. तिच्याआधी चुकून एक मोकळी जागा पडली, अथवा रेघच राहिली, तर इर्सीच्या दृष्टीने ती आज्ञा उरत नाही. ते साधे बोलणे ठरते. पासवर्डसह सारी ओळ चॅनेलमधील शेकडो लोकांसमोर जाते. ती मागे घेण्याची सोय नाही. काही चॅनेलांची नोंद महाजालावर जाहीर ठेवली जाते, म्हणजे ती ओळ उद्या शोधयंत्रातही सापडू शकते. तोच पासवर्ड ई-मेलसाठी किंवा बँकेसाठी वापरलेला असेल तर प्रकरण गप्पांपुरते राहत नाही.

उपाय तीन. निकसर्व्हशी बोलताना नेहमी पहिल्या, म्हणजे ‘स्टेटस’ खिडकीत जावे. तेथे चुकून लिहिलेले कोणाला दिसत नाही. आयआरसीसाठी पूर्णतः वेगळा पासवर्ड ठेवावा. आणि शक्य तितक्या लवकर ‘एसएएसएल’ ही पद्धत मांडून घ्यावी. तीत जोडणी होतानाच सॉफ्टवेअर परस्पर ओळख पटवते, दरवेळी पासवर्ड टंकित करावा लागत नाही. इर्सीमध्ये हे कसे करावे याची पायरीवार माहिती लिबेराच्या संकेतस्थळावर दिलेली आहे. चूक होऊन गेलीच असेल तर लाजत बसू नये. तत्काळ निकसर्व्हकडून पासवर्ड बदलून घ्यावा आणि तो आणखी जेथे वापरला असेल तेथेही बदलावा.

मदत करणारे सर्वच सज्जन असतात असेही नाही. नवख्याला आल्ट आणि एफ-४ दाबायला सांगून त्याची खिडकी बंद पाडणे हा जुना, तुलनेने निरुपद्रवी चावटपणा. त्याहून वाईट म्हणजे फायली नष्ट करणारी आज्ञा उपाय म्हणून सुचवणे. इर्सीमध्ये ‘/एक्झेक’ ही आज्ञा सॉफ्टवेअरच्या आतून थेट संगणकाला हुकूम देते, आणि ‘/स्क्रिप्ट लोड’ने दुसऱ्याने लिहिलेला पर्ल भाषेतील प्रोग्राम आत घेतला जातो. या दोहोंपैकी काहीही अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून करू नये. आधी ‘/हेल्प’ने अर्थ पाहावा. खऱ्या जाणकाराला त्याचा राग येत नाही. त्याने खासगीत बोलावण्याचा आग्रह धरला तरीही सावध व्हावे. चॅनेलमध्ये उघड दिलेला चुकीचा सल्ला दुसरा कोणीतरी लगेच दुरुस्त करतो, खासगी खिडकीत ती सोय नसते.

अलीकडे पुष्कळ जण असे प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चॅटबॉटला विचारतात. सुरुवातीच्या आज्ञांसाठी ते सोयीचे आहे. मात्र अस्तित्वात नसलेला पर्यायही ही साधने ठामपणे सांगू शकतात. तेथेही ‘/हेल्प’ची कसोटी लावावी.

जुने पत्ते

महाजालावर इर्सीविषयी शोध घेतला की पुष्कळ लेख सापडतात. त्यांतील बरेचसे ‘फ्रीनोड’ या जाळ्यावर जाण्यास सांगतात. कधीकाळी ते योग्य होते. फ्रीनोड हे अनेक वर्षे मुक्त स्रोत जगाचे मुख्य भेटीचे ठिकाण होते. मे २०२१ मध्ये जाळ्याच्या ताब्यावरून वाद झाला, ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी सामुदायिक राजीनामे दिले आणि त्यांनीच लिबेरा.चॅट उभे केले. काही आठवड्यांतच बहुतेक मोठे प्रकल्प तिकडे गेले. जूनमध्ये फ्रीनोडवरील टोपणनावांची आणि चॅनेलांची जुनी नोंदही पुसली गेली. अनेकांची वर्षानुवर्षांची नावे अशी एका दिवसात गेली. चॅनेलांची नावे तीच राहिली, सर्व्हरचा पत्ता बदलला. म्हणून लेख वाचण्यापूर्वी त्याचे साल पाहावे. आज्ञा बहुधा आजही चालतील. पत्ता मात्र संबंधित प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

मराठीतून बोलायचे तर

इर्सीमध्ये मराठीत लिहिता येते का? येते, काही अटींवर. टोपणनाव मात्र सहसा रोमन लिपीतच घ्यावे लागते. मूळ नियमावलीने नावांत इंग्रजी अक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हे यांनाच परवानगी दिली आहे. संदेशासाठी टर्मिनल आणि इर्सी या दोहोंची मांडणी ‘यूटीएफ-८’ असावी. तशी नसेल तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

दुसरी अडचण लांबीची. आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटपेक्षा मोठा असू शकत नाही, आणि त्यातच पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता व चॅनेलचे नाव यांनाही जागा द्यावी लागते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलंत यांना तीन-तीन. ‘क्षमस्व’ हा छोटा शब्द सात घटकांचा, म्हणजे २१ बाइटचा होतो. इंग्रजी वाक्य जेथे ऐसपैस मावते, तेथे मराठी वाक्य तिसऱ्या हिश्श्यातच संपते. इर्सीच्या जुन्या आवृत्त्यांत अशा वाक्याचा शेवट गुपचूप कापला जाई आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे. नव्या आवृत्त्या लांब वाक्य तोडून दोन संदेशांत पाठवतात.

तिसरी बाब दिसण्याची. कमांड लाइनचा पडदा समान रुंदीच्या चौकटींत आखलेला असतो, आणि जोडाक्षरे त्या चौकटी मानत नाहीत. काही टर्मिनलांत वेलांट्या आणि रफार अक्षरापासून सुटे पडतात, कर्सर भलत्याच ठिकाणी दिसतो. हा दोष इर्सीचा नसून टर्मिनलचा असतो. तेव्हा त्याची तक्रार इर्सीच्या चॅनेलमध्ये न नेता टर्मिनल बनवणाऱ्या प्रकल्पाकडे न्यावी, आणि सोबत पडद्याचे छायाचित्र जोडावे; कारण ज्याला देवनागरी वाचता येत नाही, त्याला अक्षर कोठे मोडले हे सांगून कळत नाही.